शून्याची नोंद: नववीचा वर्ग, कामगंध सापळे आणि गुलाबी बोंडअळी

गाव, शाळा आणि प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातलं एक कोरडवाहू गाव. पाचवी ते दहावीचं अनुदानित हायस्कूल. आसपासच्या खेड्यांतली मुलं सायकलनं नाहीतर एसटीनं येतात. शाळेच्या तारेच्या कुंपणाला लागूनच वावर सुरू होतं आणि जुलैपासून जानेवारीपर्यंत तिथे कपाशी उभी असते, मध्ये तुरीच्या ओळी. नववीतल्या बहुतेक मुलांच्या घरी थोडीफार कपाशी आहे. ज्यांच्या घरी नाही, त्यांच्या घरची माणसं दुसऱ्यांच्या वावरात वेचणीला जातात.

2024-25 या शालेय वर्षात या वर्गात एक कीटकशास्त्रज्ञ नेमानं येऊ लागल्या. त्यांचं काम गुलाबी बोंडअळीवर. हंगामात पतंग, म्हणजे या अळीचं पंख फुटलेलं रूप, नेमके केव्हा वाढू लागतात, आणि एकाच शिवारात ते सगळीकडे एकदम दिसतात की काही जागी आधी, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी रोजच्या नोंदी हव्या होत्या, आणि नागपुरात राहून रोज एका गावचे सापळे पाहणं त्यांना जमणारं नव्हतं. शाळेच्या विज्ञानाच्या सरांना मुलांच्या हाती काही खरं काम द्यायचं होतं. शाळा आणि संशोधक यांची गाठ घालून देणं, मग दोघांचं बोलणं तुटू न देणं हे माझं काम, म्हणून मी या सगळ्यात सुरुवातीपासून होते.

शाळेत शास्त्रज्ञ येणं काही नवं नाही. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, पाहुणे येतात, पडद्यावर वाघ नाहीतर रॉकेट दाखवतात, मुलं टाळ्या वाजवतात. त्यातून कुतूहल जागं होतं आणि त्याची किंमत मी कमी मानत नाही. पण संशोधन कसं चालतं हे त्यातून कळत नाही, कारण बोलणाऱ्याला सगळी उत्तरं आधीच ठाऊक असतात. इथे बाई असा प्रश्न घेऊन आल्या की ज्याचं उत्तर खुद्द त्यांनाही माहीत नव्हतं, आणि तो प्रश्न या मुलांच्या घरच्या पिकाचा होता. पुढे जे घडलं, चांगलं आणि अडचणीचं, ते यातूनच.

या मुलांना अळीविषयी काय ठाऊक होतं

भारतात बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कपाशीला, 2002 मध्ये परवानगी मिळाली. 2006 मध्ये अशी दोन जनुकं असलेलं बोलगार्ड-2 हे बियाणं आलं. काही वर्षं बोंडअळ्यांचा त्रास खरोखरच कमी झाला. पण गुलाबी बोंडअळी जवळजवळ फक्त कपाशीवरच जगते. सगळं शिवार बीटीचं असेल तर तिला दुसरं खायला नाही, आणि त्या विषातून जी तगते तिचीच पिल्लावळ पुढच्या हंगामात वाढते. म्हणून बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगरबीटी बियाणं आश्रय पीक म्हणून कडेनं लावायला दिलं जायचं, म्हणजे विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही तिथे जगाव्यात. फार थोड्या शेतकऱ्यांनी ते लावलं. पहिल्या जनुकाला अळी दाद देत नसल्याचं गुजरातमधून 2010 मध्ये पुढे आलं. नंतर दुसराही तोकडा पडला, आणि 2017 च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातली बोंडं आतून पोखरली गेली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

2024 मध्ये नववीत असलेली ही मुलं तेव्हा दुसरीत होती. त्या वर्षाविषयी त्यांना वर्गात कुणी काही सांगावं लागलं नाही. डोमकळी म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकाआधी ठाऊक होतं: अळी आत शिरली की पाकळ्या धाग्यानं बांधल्यासारख्या मिटून राहतात आणि फूल उमलत नाही. कवडी, म्हणजे किडक्या डागाळलेल्या, कापसाला भाव मिळत नाही हेही ठाऊक होतं. नववीच्या विज्ञानात परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाहाचा धडा आहे. पण धड्यातली अन्नसाखळी आणि घरामागचं वावर एकच आहे, असं कुणी त्यांना कधी म्हटलं नव्हतं.

पहिला तास

पोळा आणि गणपती आटोपल्यावर बाईंचा पहिला तास झाला. स्लाइड नाहीत, भाषण नाही. आदल्या दिवशी सरांनी मुलांना सांगून ठेवलं होतं की घरच्या किंवा शेजारच्या वावरातून, मालकाला विचारून, हिरवी बोंडं आणायची. नियम एकच. फवारणी झालेल्या वावरात त्या आठवड्यात पाऊल टाकायचं नाही. हा नियम वर्षभर सगळ्यांत कडक राहिला, आणि या जिल्ह्यात तो तसाच असायला हवा.

बोंडं बाकावर ओतली आणि भुईमुगाच्या शेंगा टिचवाव्या तशी मुलांनी ती अंगठ्यानं टिचवायला सुरुवात केली. बाहेरून अगदी निरोगी, टवटवीत दिसणारं एक बोंड उघडलं तर आत, ओल्या पांढऱ्या कापसात, तांदळाच्या दाण्याहून बारीक एक अळी. अंग पांढरट, डोकं तपकिरी. मागच्या बाकावरची मुलं लगेच म्हणाली, ही बोंडअळी नाहीच, बोंडअळी गुलाबी असते. बाईंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी तशी बोंडं जाळीच्या झाकणाच्या डब्यात ठेवायला सांगितली आणि रोज पाहायला सांगितलं. काही दिवसांत डब्यातल्या अळीच्या अंगावर गुलाबी झाक चढली. मग वर्गात कुणी काही सिद्ध करण्याची गरज उरली नाही.

दुसरी गोष्ट त्याच तासातली. अळी आत गेली तर बाहेर भोक का दिसत नाही, असं बाईंनी विचारलं. पहिल्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "बोंड मोठं झालं का भोक बुजते मॅडम. माही आई म्हणते, वरून पाहून कायी समजत नाही." बाईंनी हे स्वतःच्या वहीत टिपून घेतलं, सगळ्यांच्या देखत. बोंड वाढताना प्रवेशाचं छिद्र खरंच भरून येतं. फवारणी अळीपर्यंत का पोहोचत नाही याचं निम्मं उत्तर त्या एका वाक्यात आहे. शास्त्रज्ञ आपलं बोलणं लिहून घेतात, हे मुलांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

सापळे

कामगंध सापळा म्हणजे एक प्लास्टिकचं नरसाळं, खाली पिशवी, वर झाकणात बसवलेली ल्यूर. त्या ल्यूरला मादी पतंगाच्या गंधासारखा गंध असतो. रात्री नर पतंग त्या वासानं येतात आणि पिशवीत अडकतात. ल्यूर साधारण तीन-चार आठवड्यांनी बदलावी लागते. सापळा पिकाच्या उंचीच्या थोडा वर बांधायचा, पीक वाढेल तसा वर सरकवायचा.

मुलांच्या जोड्या केल्या. प्रत्येक जोडीला एक सापळा, शक्यतो ज्याच्या-त्याच्या घराजवळच्या वावरात. रोज सकाळी शाळेत येण्याआधी पिशवीतले पतंग मोजायचे, वहीत लिहायचे, पिशवी रिकामी करायची. वहीत तारीख, सापळ्याचा क्रमांक, पतंगांची संख्या, रात्रीचा पाऊस, वावरात फवारणी झाली का, एवढेच रकाने. शाळेनं या वहीच्या पहिल्या पानावर कृषी विभागाच्या पत्रकातली एक ओळही छापून दिली होती: सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग आले तर ती आर्थिक नुकसानीची पातळी समजावी. मुलांना उपयोगी माहिती मिळावी, हा हेतू चांगलाच होता.

आकडे आठभोवती गोळा होऊ लागले

ऑक्टोबरच्या मध्यावर बाईंनी वह्यांचे फोटो मागवून घेतले आणि त्यांना काहीतरी खटकलं. पहिल्या काही दिवसांतली शून्यं नाहीशी झाली होती. सात, आठ, नऊ, आठ, सात. गावाच्या दोन टोकांना असलेल्या सापळ्यांचे आकडे जवळपास सारखे. रात्रभर पाऊस झाला त्या दिवशीही आठ. सगळ्या वह्यांत असं नव्हतं, पण बऱ्याच वह्यांत होतं.

सरांना राग आला आणि तो मला समजतो. ज्यांच्या नोंदी खोट्या वाटतात त्यांना कामातून काढावं, असं त्यांचं म्हणणं होतं. पण मुलांना फसवायचं होतं असं मला वाटत नाही. आपल्या शाळांतल्या प्रयोगवह्या आठवून पाहा. आम्लात निळा लिटमस बुडवला की लाल होतो, हे मूल लिटमस हातात घेण्याआधी लिहितं. निरीक्षण आणि निष्कर्ष फळ्यावरून उतरवले जातात. उत्तर जुळलं तर गुण, नाही जुळलं तर प्रयोग चुकला. या शिस्तीत वाढलेल्या मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर आठ हा आकडा छापलेला असेल, तर तेच "बरोबर उत्तर" आहे असं त्यानं समजणं स्वाभाविक आहे. आणि शून्य? शून्य म्हणजे काम केलं नाही, सापळा नीट लावला नाही, मॅडमना काही देता आलं नाही. पेपरातल्या शून्याची लाज मुलांना जन्मभर पुरते. पर्यावरणाचं संशोधन मात्र अशा शून्यांवरच उभं असतं.

बाई पुढच्या तासाला स्वतःची शेतातली वही घेऊन आल्या. मातीचे डाग, पावसानं पसरलेली शाई. त्यांनी एका जुन्या हंगामाची पानं मुलांच्या हातात दिली. शून्य, शून्य, शून्य, एक, शून्य, "जोराचा पाऊस", शून्य, दोन. कितीतरी पानं तशीच. मग त्यांनी विचारलं, पतंग वाढायला केव्हा लागले, हे या वहीतून कळतं का? मुलांनी तारीख शोधून दाखवली. आणि ही शून्यं खोडून सगळीकडे आठ लिहिलं असतं तर? वर्ग बराच वेळ गप्प राहिला.

त्याच तासाला एका मुलानं विचारलं, "मग आतापर्यंतचं आमचं काम वाया गेलं का?" बाईंनी सांगितलं, हो, त्या दिवसांच्या नोंदी अभ्यासात धरता येणार नाहीत. कोणत्या वह्या खऱ्या आणि कोणत्या नाहीत हे आता वेगळं करता येत नाही, म्हणून सगळ्याच सोडाव्या लागतील. त्यांनी ते कठोरपणे म्हटलं नाही, पण सौम्य करूनही सांगितलं नाही. ज्यांनी इमानानं नोंदी ठेवल्या होत्या त्या मुलांवर हा अन्यायच होता आणि ती मुलं हिरमुसली. तरीही मला तो निर्णय योग्य वाटतो. ढोबळ कौतुक करून तेच आकडे आलेखात टाकले असते, तर वर्षभर मुलं एक नाटक करत राहिली असती.

त्यानंतर वही बदलली. आठ पतंगांची ओळ काढून टाकली. शून्य आणि "पाहिलं नाही" यांच्या खुणा वेगळ्या केल्या: पाहिलं आणि पतंग नव्हते तर 0, पाहिलंच नाही तर फुली, आणि फुलीपुढे कारण. पकडलेले पतंग तारखेच्या चिठ्ठीसह छोट्या पिशवीत ठेवून आठवड्याला शाळेत जमा करायचे. शाळेच्या अंतर्गत गुणांत या वहीला सरांनी जागा दिली, आणि पूर्ण भरलेल्या वहीत फुलीला आकड्याइतकेच गुण मिळतील, असं वर्गात जाहीर केलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच.

पुढच्या आठवड्यात वह्या फुल्यांनी भरून आल्या. "सापळा पडला होता. बकरीनं ओढला. पतंग माहीत नाही." "बाबा दवाखान्यात होते." "विसरलो." सरांना काळजी वाटली, बाईंना हायसं वाटलं. हळूहळू फुल्या कमी होत गेल्या.

पावसामुळे वावरात जाता येत नसे त्या दिवसांत सर दुसरं एक काम घेत. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या केलॉग जैविक केंद्रात शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी मिळून डेटा नगेट्स नावाचा उपक्रम उभा केला आहे. संशोधकांचे खरे आकडे, जसेच्या तसे, शाळेला द्यायचे आणि मुलांनी त्यांचा आलेख काढून स्वतः अर्थ लावायचा. सरांनी तीच कल्पना उचलली, पण आकडे बाईंच्या जुन्या वहीतले घेतले आणि मुलांनी आलेख कागदावर पेन्सिलनं काढले. आपल्याकडचा सीझनवॉच हा उपक्रम 2010 पासून चालू आहे. त्यात केरळमधल्या शाळांचा मोठा वाटा आहे. मुलं एकच झाड दर आठवड्याला पाहतात आणि पालवी, फुलं, फळं आहेत की नाहीत, थोडी की खूप, हे लिहितात. तिथेही "नाही" ही नोंदच असते. हे मुलांना सांगितल्यावर आपलं शून्य एकटं नाही, एवढं त्यांना कळलं.

शाळेचं वेळापत्रक आणि पतंगांचं

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. कपाशीला पाते, म्हणजे फुलाआधीच्या कळ्या, लागतात ऑगस्टच्या सुमारास, आणि गुलाबी बोंडअळीचे पतंग ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत जोरात असतात. नेमक्या याच काळात सहामाही परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी, मग वेचणी. 2024 मध्ये त्यात विधानसभेची निवडणूक आली. 20 नोव्हेंबरच्या मतदानाच्या आगेमागे शिक्षक निवडणुकीच्या कामात होते.

सापळे शाळेच्या आवारात लावले असते तर हा सगळा काळ कोरा गेला असता. घराजवळच्या वावरात लावल्यामुळे नोंदी चालू राहिल्या. तरी खंड पडलेच. दिवाळीत मामाच्या गावाला गेलेल्या मुलांच्या वहीत ओळीनं फुल्या आहेत.

वेचणीच्या काळात वर्गातल्या काही मुली शाळेत येईनाशा होतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, घरात जितके हात तितका पैसा. सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, करून पहिली वेचणी झाली की पुढचे कित्येक आठवडे या मुलींची हजेरी तुटक असते. त्यांतल्या एकीची वही सगळ्या वर्गात सर्वांत नीट निघाली. ती रोज पहाटे वावरातच असायची, सापळा वाटेवर, तिथेच उभ्यानं मोजून लिहायची. कोणत्या ओळीतल्या बोंडांत किडका कापूस जास्त निघतोय, हेही तिनं न सांगता समासात लिहिलं होतं. बाईंनी ती वही मुख्याध्यापकांना दाखवली. ते ती बराच वेळ चाळत राहिले.

पण हजेरीपटावर ती गैरहजरच होती, आणि तिचे बुडलेले गणिताचे तास कुणी भरून काढले नाहीत. या उपक्रमानं तिच्या कामाला मान दिला, तिची शाळा मात्र वाचवली नाही. हे दोन्ही लिहायला हवं. अशा उपक्रमांचे अहवाल वाचते तेव्हा पहिलं वाक्य हमखास सापडतं, दुसरं सहसा नसतं.

"फवारू का?"

नोव्हेंबरमध्ये एक गोष्ट घडली आणि सगळ्यांना थांबून विचार करावा लागला. एका मुलाच्या सापळ्यात एका रात्रीत अकरा पतंग आले. शेजारच्या काकांनी त्याला विचारलं, "काय म्हणते रे तुमचा सापळा, फवारू का?" मुलगा म्हणाला, "हो काका, आठच्या वर गेले." काकांनी त्याच दिवशी कृषी केंद्रातून औषध आणलं.

मुलानं हे वर्गात अभिमानानं सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. चौदा वर्षांच्या मुलाच्या एका आकड्यावर एक माणूस पाठीवर पंप घेऊन वावरात उतरला होता, आणि तेही यवतमाळ जिल्ह्यात.

मुलाला दोष देण्यासारखं काही नव्हतं. त्या तासाला बाईंनी फळ्यावर सगळं नीट मांडलं. एक रात्र पुरेशी नाही, सलग तीन रात्री पाहाव्या लागतात. सापळ्यात फक्त नर येतात. माद्या किती आणि त्यांनी अंडी कुठे घातली हे सापळा सांगत नाही. पतंग उडताहेत एवढंच त्यातून कळतं, नुकसान किती झालं ते बोंड उघडल्यावरच कळतं. त्यासाठी एकरी वीस हिरवी बोंडं वेगवेगळ्या झाडांवरून तोडून टिचवायची. त्यांतल्या दोनांत अळी किंवा पोखरल्याची खूण सापडली, म्हणजे दहा टक्के, तर उपायाचा विचार.

मग वर्गानं मिळून ठरवलं की मुलं कुणालाही फवारणीबद्दल सल्ला देणार नाहीत. विचारलं तर आकडा सांगतील आणि म्हणतील, "काका, वीस बोंडं तोडून पाहा." बोंडं शेतकऱ्यानं स्वतः उघडायची, आणि औषधाचं काय ते कृषी सहायकांना विचारायचं. सरांनी हे लिहून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलं, जिथे आधी आठ पतंगांची ओळ होती.

शाळेत संशोधन आणणाऱ्या प्रत्येकानं हा प्रसंग आधीच डोळ्यांसमोर ठेवावा, असं मला कळकळीनं वाटतं. पक्षी मोजणं आणि पिकावरची कीड मोजणं यात मोठा फरक आहे. पिकावरच्या किडीच्या आकड्यावर कुणाचा तरी पैसा आणि कुणाचा तरी जीव लगेच अवलंबून असतो. प्रश्न गावाचा असला की मुलं मन लावून काम करतात, आणि त्याच कारणानं त्यांच्या शब्दाला वजनही येतं. ते वजन मुलांच्या खांद्यावर टाकायचं नाही, हे मोठ्यांनी पाहायचं.

मुलांचा स्वतःचा प्रश्न

जानेवारीत कपाशी काढायला आली. काहींनी पाणी देऊन फरदड ठेवली, म्हणजे तेच पीक पुढे चालू ठेवलं, बहुतेकांनी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उपटून घरामागे रचली, चुलीसाठी. सापळे काढून ठेवायची वेळ झाली होती. तेव्हा एका मुलानं विचारलं, आता वावरात कपाशीच नाही, तर पुढच्या वर्षी पतंग येतात कुठून?

बाईंनी सुप्तावस्थेबद्दल सांगितलं. दिवस लहान आणि थंड होऊ लागले की पूर्ण वाढलेल्या काही अळ्या कोषात न जाता, सरकीत किंवा वाळल्या बोंडात, तशाच पडून राहतात. उन्हाळ्याच्या शेवटी, ओलावा आणि उष्णता मिळाली की त्यांचे पतंग होतात. तेव्हा शेतात पाते-फुलं नसतील तर त्या पतंगांची पुढची पिढी जगत नाही. म्हणून मॉन्सूनपूर्व लागवड करू नका असं सांगितलं जातं, कारण ओलिताची लवकर लावलेली कपाशी या पतंगांना नेमकी वेळेवर पाते पुरवते.

मुलगा म्हणाला, "मग आमच्या घरामागं पऱ्हाटीचा ढीग आहे, तिथं सापळा लावू ना मॅडम." बाईंच्या आराखड्यात घरांजवळ एकही सापळा नव्हता, आणि मे महिन्यात तर कुठेच नव्हता. त्यांनी आराखडा बदलला. काही सापळे पऱ्हाटीच्या ढिगांशेजारी, काही रिकाम्या वावरांत, आणि दोन्हीकडे एकाच दिवशी नवी ल्यूर. शाळा बंद, ऊन भयंकर. तरी सकाळी सात-साडेसातच्या आत मोजणी उरकायची म्हणून मुलं ते करू शकली. 2025 मध्ये मोसमी पाऊस 25 मे रोजीच महाराष्ट्रात शिरला, आणि विदर्भातही मे महिन्यात अवकाळी सरी आल्या.

ढिगांशेजारच्या सापळ्यांत, शिवारात कपाशीचं एकही हिरवं झाड नसताना, बऱ्याच रात्री पतंग मिळाले. रिकाम्या वावरांतल्या सापळ्यांत जवळपास सगळी शून्यं. मुलांना वाटलं, सिद्ध झालं.

तेव्हा आक्षेप घेतला तो वर्गातल्याच एका मुलीनं. ज्या घरांमागे ढीग आहेत त्यांतल्या बऱ्याच घरांत भाव वाढण्याची वाट पाहत कापूसही साठवलेला आहे. सरकी त्यातच आहे. मग पतंग पऱ्हाटीतून आले की घरातल्या कापसातून, हे कसं ओळखायचं? बाई हसल्या आणि म्हणाल्या की, हा प्रश्न मलाच आधी पडायला हवा होता. एका गावातले मोजके सापळे, एक उन्हाळा, आणि ढीग व साठवलेला कापूस एकाच जागी. यातून ढीग हेच कारण, असं म्हणता येत नाही. एवढंच म्हणता येतं की हंगामाबाहेरही गावात पतंग आहेत आणि ते घरांच्या आसपास जास्त सापडतात.

पऱ्हाटी जाळा नाहीतर बारीक करा, असा सल्ला शेतकऱ्यांना दरवर्षी दिला जातो. मुलांनी घरी हा विषय काढला तेव्हा आयांनी एकच विचारलं: मग चुलीत काय घालायचं? तेही वर्गात आलं आणि वहीत लिहिलं गेलं. ज्या ढिगावर घरचा स्वयंपाक होतो तो हलवायला सांगायचा, तर आधी तो खरंच दोषी आहे का याची खात्री करायला हवी. नेमक्या या खात्रीसाठी संशोधन असतं, हे मुलांना कुठल्याही धड्यापेक्षा इथे जास्त कळलं असेल.

सध्याची स्थिती

जून 2025 मध्ये हा वर्ग दहावीत गेला. दहावीचं वर्ष म्हटल्यावर पालकांनी आणि मुख्याध्यापकांनी सापळ्यांचं काम नको म्हटलं. तरी दहावीतली काही मुलं नव्या नववीला सापळा बांधायला आणि ल्यूर बदलायला शिकवायला आली. सापळे आणि ल्यूर यांचा खर्च मोठा नाही. महाग आहे तो बाईंचा वेळ. त्यांच्या संस्थेत शाळेला दिलेले दिवस कामाच्या मूल्यमापनात धरले जात नाहीत. जोवर हे असं आहे तोवर असे उपक्रम एखाद्या माणसाच्या हौसेवर चालतील आणि तिची बदली झाली की थांबतील. विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी शाळेतले तास कामात धरावेत, ही माझी स्पष्ट मागणी आहे.

उन्हाळ्यातल्या नोंदींचा गोषवारा बाईंनी मराठीत, एका कागदावर, आलेखासह लिहून ग्रामपंचायतीला दिला. काय कळलं आणि काय कळलं नाही, दोन्ही त्यात आहे. संशोधन लेख झाला तर शाळेचा उल्लेख संमतीनं करायचा, मुलांची नावं द्यायची की नाही हे पालकांना विचारून ठरवायचं, असं लेखी ठरलं आहे.

पुढच्या उन्हाळ्यासाठी आक्षेप घेणाऱ्या मुलीनंच जागा सुचवल्या: घरांपासून दूर, धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) रचलेल्या पऱ्हाटीजवळ काही सापळे, आणि ज्या घरी कापूस साठवलाय पण ढीग नाही अशा घरांजवळ काही. दोन शेतकऱ्यांनी आपली पऱ्हाटी तेवढ्यासाठी मेअखेरपर्यंत धुऱ्यावरच ठेवायला होकार दिला आहे. ढीग नाही पण कापूस आहे अशी घरं नव्या नववीला अजून शोधायची आहेत.